तुलनेची सहा चिन्हे

विद्यार्थ्याने किती ओळी लिहिल्या यावरून त्याचा प्रोग्रॅम जोखण्याची सवय आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. प्रात्यक्षिकाची वही जाड दिसली की परीक्षकाचे समाधान होते, आणि परीक्षकाचे समाधान कशाने होते हे विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात कळते. या सवयीचा सर्वांत ठळक नमुना पाहावयाचा असेल तर ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या वहीतील ‘ऑपरेटर ओव्हरलोडिंग’ हे प्रकरण उघडावे. तेथे ‘तारीख’ नावाचा एखादा क्लास असतो आणि त्यात ओळीने सहा फंक्शने मांडलेली असतात: लहान, लहान किंवा समान, मोठी, मोठी किंवा समान, समान, असमान. सहांचीही अंगे जवळजवळ सारखीच. फरक काय तो एखाद्या चिन्हाचा. दोन-तीन पाने भरतात, गुण मिळतात आणि विषय संपतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की ही सहा फंक्शने हाताने लिहून घेणे आता बंद करावे. मात्र त्यांच्या जागी जो सोपा उपाय हल्ली सांगितला जातो, म्हणजे क्लासच्या डोक्यावर एक शब्द लिहून मोकळे व्हावयाचे, तोही मला जसाच्या तसा मान्य नाही. दोन्हींची कारणे पुढे देतो. ज्या प्राध्यापक बंधुभगिनींना ती पटणार नाहीत त्यांनी पुढील अंकात माझा खुशाल समाचार घ्यावा.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. कोणत्याही दोन तारखा घेतल्या तर तीनपैकी एकच शक्यता खरी असते: पहिली आधीची, दुसरी आधीची, किंवा दोन्ही एकच. तेव्हा ‘अ ही ब च्या आधी आहे काय?’ एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर देता आले की बाकीच्या पाचांची उत्तरे त्यातूनच निघतात. अ > ब म्हणजे ब < अ. अ <= ब म्हणजे ‘ब < अ’ हे खोटे. दोन्हींकडून ‘लहान’ खोटे ठरले तर त्या समान. ज्ञान एकच आहे, विधाने मात्र सहा आहेत. एकच गोष्ट सहा वेळा लिहिली की पाच वेळा चुकण्याची सोय आपण स्वतः करून ठेवतो. त्यातही आपला ऑब्जेक्ट दुसऱ्या प्रकारच्या मूल्याशी ताडावयाचा असेल, उदाहरणार्थ तारीख आणि नुसता आकडा, तर सी प्लस प्लसच्या जुन्या पद्धतीत तारीख-तारीख, तारीख-आकडा, आकडा-तारीख अशी तीन जोड्यांना मिळून अठरा फंक्शने होतात. अठरा! एवढ्यात एखाद्याचा संपूर्ण प्रकल्प लिहून होईल.

आणि चुका होतात त्या साध्यासुध्या नसतात. वह्यांमध्ये वारंवार आढळणारी एक चूक सांगतो. तारीख लहान केव्हा? तर ‘वर्ष लहान, किंवा महिना लहान, किंवा दिवस लहान असेल तेव्हा’. वाचताना हे अगदी बरोबर वाटते. आता या नियमाला १७ सप्टेंबर १९४८ आणि २६ जानेवारी १९५० या दोन तारखा द्या. पहिलीचे वर्ष लहान, म्हणून पहिली आधीची. दुसरीचा महिना लहान, म्हणून दुसरीही आधीची! हैदराबाद संस्थान भारतात येण्यापूर्वीच प्रजासत्ताक झाले आणि प्रजासत्ताक होण्यापूर्वी संस्थान आले, असा हा अजब इतिहास होतो. बरोबर नियम असा की वर्षे वेगळी असतील तर वर्षांवर निकाल द्यावा आणि थांबावे. वर्षे सारखी असतील तरच महिन्याकडे जावे. महिनेही सारखे असतील तरच दिवसाकडे. असली बिघडलेली तुलना सी प्लस प्लसच्या क्रमवारी लावणाऱ्या फंक्शनला दिली तर पुढे काय होईल याची कोणतीच हमी भाषा देत नाही. प्रोग्रॅम कोसळूही शकतो. जावाची २०११ मधील सातवी आवृत्ती आल्यापासून तेथील क्रमवारी अशा वेळी, तिच्या लक्षात आले तर, ‘तुलनेने करार मोडला’ अशा आशयाची तक्रार करून थांबते. लक्षात आले तर, हे शब्द महत्त्वाचे. दहा नोंदींवर चाचणी घेतली तर सगळे ठीक दिसते आणि हजार नोंदींवर घोटाळा बाहेर पडतो.

हा पाल्हाळ टाळण्याची युक्ती काल-परवाची आहे असे कोणी समजू नये. स्मॉलटॉक-८० या भाषेत ‘मॅग्निट्यूड’ नावाचा एक क्लास होता. गोल्डबर्ग आणि रॉब्सन यांच्या १९८३ मधील ग्रंथात त्याचे वर्णन आहे. संख्या, तारीख, वेळ, अक्षर हे सगळे त्याचे वंशज. वंशजाने ‘लहान’ आणि ‘समान’ कशाला म्हणावे तेवढे सांगावयाचे, बाकीचे पूर्वजाकडून आयते मिळे. हास्केलमध्ये १९९० पासून हीच सोय आहे. रूबीमध्ये <=> असे एकच चिन्ह लिहून ‘कंपॅरेबल’ हे मॉड्यूल जोडले की उरलेली चिन्हे मिळतात. पायथॉनमध्ये २०१० साली आलेल्या २.७ आवृत्तीत ‘टोटल ऑर्डरिंग’ नावाचा डेकोरेटर आला. सी प्लस प्लस मात्र या बाबतीत मागे राहिली. हर्ब सटर यांचा प्रस्ताव २०१७ मधला आणि तो प्रत्यक्ष भाषेत आला २०२० च्या प्रमाणकात. आता तेथेही <=> हे चिन्ह आहे; लोक त्याला त्याच्या आकारावरून ‘अंतराळयान’ म्हणतात. त्याच्यापुढे ‘डिफॉल्ट’ एवढे लिहिले की कंपायलर सहाही चिन्हे स्वतः सिद्ध करतो. ज्या प्रयोगशाळेत अजून टर्बो सी प्लस प्लसच चालू आहे तेथील विद्यार्थ्यांनी हा परिच्छेद परीकथा म्हणून वाचावा.

आता या उपायाचा खरा फायदा ओळी वाचण्यात नाही. तो निर्णय एका जागी आणण्यात आहे. आपल्याच भागातील एक उदाहरण देतो. बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. निजामाच्या अमदानीतील महसुली कागद आणि कायदे यांवर फसली सन असे. जहागिरी नष्ट करणारे हैदराबादचे रेग्युलेशन ‘१३५८ फसली’चे आहे, इंग्रजी सनाने ते १९४९ साली आले. तेव्हाचा एखादा कूळकायद्याचा किंवा वारसाचा वाद घेऊन कोणी कागद क्रमाने लावावयास बसला आणि संगणकाने नुसते आकडे ताडले, तर १३५८ हे १९४८ च्या सहा शतके आधीचे ठरेल. वस्तुतः रेग्युलेशन पोलिस कारवाईच्या नंतरचे आहे. फसली सन इंग्रजी सनाच्या सुमारे ५९० वर्षे मागे चालतो आणि दोहोंचा वर्षारंभही एक नाही. तेव्हा नुसती बेरीज करूनही भागत नाही, कागदावर फसली महिना असेल तर तोही पाहावा लागतो.

असा क्लास जुन्या पद्धतीने लिहिणारा विद्यार्थी फसली-फसली, फसली-इंग्रजी, इंग्रजी-फसली यांसाठी प्रत्येकी सहा फंक्शने लिहील आणि ५९० चा आकडा दहा ठिकाणी पेरील. उद्या वर्षारंभाचा हिशेब चुकला असे लक्षात आले तर दहापैकी नऊ जागा दुरुस्त होतील. शहाणा मनुष्य प्रत्येक तारखेचे आधी एकाच मोजणीत, म्हणजे ठराविक दिवसापासून किती दिवस झाले या आकड्यात, रूपांतर करील. तुलना त्या एका आकड्याची. सगळी अक्कल त्या रूपांतराच्या फंक्शनमध्ये राहते. तेथे चूक असली तर ती एकदाच असते आणि एकदाच दुरुस्त होते. पोती, क्विंटल आणि किलो यांत लिहिलेल्या तुरीच्या वजनांनाही हेच लागू आहे.

येथपर्यंत माझे म्हणणे नव्या पद्धतीच्या बाजूचे झाले. आता दुसरी बाजू.

एका विधानावरून पाच विधाने काढण्याचा जो न्याय वर सांगितला तो तीनपैकी एक शक्यता खरी असतेच या गृहीतावर उभा आहे. सगळ्याच वस्तू असे वागत नाहीत. समजा एक विद्यार्थी मराठी आणि इतिहास घेतो, दुसरा कन्नड आणि इतिहास. एका विषयसंचाने दुसऱ्यात सामावणे याला आपण ‘लहान’ म्हटले, तर येथे पहिला दुसऱ्यात सामावत नाही, दुसरा पहिल्यात सामावत नाही, आणि दोन्ही समानही नाहीत. चौथीच शक्यता निघाली. आता पायथॉनच्या त्या डेकोरेटरला आपण ‘लहान’ आणि ‘समान’ एवढे दिले तर तो ‘मोठा’ कसा काढतो? ‘लहान नाही आणि समानही नाही, म्हणून मोठा.’ झाले! मराठीचा संच कन्नडपेक्षा मोठा आणि कन्नडचा मराठीपेक्षा मोठा, दोन्ही एकाच वेळी खरे. आपल्या सीमाभागात या निकालाचे दोन्ही बाजूंनी स्वागत होईल, पण प्रोग्रॅमला तो परवडत नाही. दशांश संख्यांच्या जगातही ‘संख्या नव्हे’ असे एक मूल्य १९८५ च्या आयईईई प्रमाणकाने ठरवून दिलेले आहे. ते कोणाहून लहान नाही, मोठे नाही आणि स्वतःशीही समान नाही. सी प्लस प्लसने २०२० मध्ये <=> आणताना उत्तराचे तीन प्रकार वेगळे ठेवले, पक्का क्रम, सैल क्रम आणि अपुरा क्रम, ते याचसाठी. मला हा त्या भाषेचा उशिरा आलेला पण खरा शहाणपणा वाटतो. लिहिणाऱ्याला थांबून विचारावे लागते की बाबा, तुझ्या वस्तू यांपैकी कोणत्या जातीच्या?

सैल क्रम म्हणजे काय हे समजावून घेण्यासाठी गुणवत्ता यादीसारखे उदाहरण नाही, आणि माझ्या दृष्टीने या लेखाचा गाभा येथे आहे. ‘विद्यार्थी’ नावाचा क्लास करून त्याला गुणांनुसार तुलना शिकविणे हा आपल्याकडील ठरलेला अभ्यास. ज्याचे गुण जास्त तो यादीत आधी. दोन मुलींना प्रत्येकी ५४० गुण आहेत. तुलनेचे फंक्शन शून्य परत करते, म्हणजे ‘समान’. आता जावामध्ये हे ऑब्जेक्ट ‘ट्री-सेट’ नावाच्या संचात घाला. हा संच दोन वस्तू एकच आहेत की नाहीत हे तुलनेच्या फंक्शनवरूनच ठरवितो. त्याच्या लेखी दुसरी मुलगी आधीच आत आहे. तो तिला घेत नाही. कसलीही चूक दाखविली जात नाही, प्रोग्रॅम थांबत नाही, यादी सुबक छापली जाते. फक्त एक नाव त्यात नसते. ज्या मुलीचे नाव गेले तिने यादी तीनदा वाचावी, कार्यालयात जावे, आणि तेथे ‘संगणकाने काढलेली यादी आहे’ असे ऐकून परत यावे.

जावाच्या स्वतःच्या ग्रंथालयातही ही विसंगती आहे. ‘बिगडेसिमल’ या क्लासमध्ये २.० आणि २.०० यांना ‘समान काय?’ असे विचारले तर उत्तर नाही. ‘तुलना कर’ म्हटले तर उत्तर शून्य. एका प्रकारच्या संचात ती दोन मूल्ये होतात, दुसऱ्या प्रकारच्या संचात एक. जावाच्या कागदपत्रांत हे लिहून ठेवलेले आहे, पण कागदपत्रे वाचावयाची असतात हे कोण सांगणार!

‘गुणवत्तेत बरोबरीची’ आणि ‘तीच’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्याला व्यवहारात कोणी शिकवावे लागत नाही. जुळ्या भावांना आपण एक माणूस समजत नाही. मग क्लास लिहिताना हा विवेक कोठे जातो? तो जातो साच्यात. सहा फंक्शने हाताने लिहिणारा विद्यार्थी ‘समान’ हे फंक्शनही गुणांवरच लिहितो, कारण वरच्या चार फंक्शनांत गुण होते. डेकोरेटर वापरणारा तर विचारच करीत नाही. पायथॉनच्या ३.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, ‘डेटाक्लास’ला ‘ऑर्डर खरे’ एवढे सांगितले की क्लासमधील रकाने ज्या क्रमाने लिहिले असतील त्याच क्रमाने तुलना होते. सोय उत्तम. पण कोणी नीटनेटकेपणासाठी ‘जन्मतारीख’ हा रकाना ‘गुण’ या रकान्याच्या वर सरकविला की त्या दिवसापासून यादी वयानुसार लागते. एका ओळीची जागा बदलली आणि गुणवत्तेची व्याख्या बदलली. बदलणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की ‘विद्यार्थी’ या क्लासला < हे चिन्ह देऊच नये. वजनाला द्यावे, रकमेला द्यावे, तारखेला द्यावे. त्यांचा क्रम त्यांच्या स्वभावात आहे, आणि तो एकदा सांगून बाकीचे काम भाषेवर सोपवावे. विद्यार्थ्याचा मात्र स्वाभाविक असा क्रमच नसतो. प्रवेशाच्या यादीत तो गुणांनी येतो, हजेरीपटावर नावाने, वसतिगृहाच्या यादीत कदाचित घराच्या अंतराने. हे त्या त्या यादीचे नियम आहेत, तेव्हा ते यादीपाशी लिहावेत. पायथॉनमध्ये क्रमवारी लावताना ‘की’ देण्याची सोय २.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २००४ पासून आहे. जावामध्ये २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून ‘यावर तुलना, मग त्यावर’ असे साखळीने लिहिता येते. ‘एकूण गुण उतरत्या क्रमाने, बरोबरी झाल्यास वयाने मोठा आधी, मग नाव’ हा नियम एका ओळीत मावतो, कार्यालयातील लिपिकालाही वाचून दाखविता येतो, आणि यादी भिंतीवर लागल्यावर कोणी विचारलेच तर बोट ठेवून दाखविता येतो. समानता मात्र नोंदणी क्रमांकावर. क्रमांक एक तर विद्यार्थी एक; गुणांचा तेथे काही संबंध नाही.

नाव हा शब्द वर सहज येऊन गेला. त्यातही एक मेख आहे, आणि ती खास आपल्यासारख्यांची आहे.

संगणक दोन मराठी नावे ताडतो म्हणजे प्रत्यक्षात अक्षरांचे युनिकोड क्रमांक ताडतो. त्या तक्त्यात ‘ल’चा क्रमांक २३५४ आहे, ‘ळ’चा २३५५, ‘व’चा २३५७ आणि ‘ह’चा २३६१. (मधला २३५६ हा क्रमांक दक्षिणेकडील ‘ऴ’साठी आहे.) भारतीय लिपींसाठी जे ‘इस्की’ प्रमाणक आधी झाले होते त्यात सर्व लिपींना एकच सामाईक तक्ता केला गेला, युनिकोडने त्याचा आधार घेतला, आणि ‘ळ’ जाऊन ‘ल’च्या शेजारी बसला. परंतु आपण शाळेत मुळाक्षरे म्हणताना ‘ह’ नंतर ‘ळ’ म्हणतो आणि मग क्ष, ज्ञ. आमचे कन्नड मित्रही ‘ह’ नंतरच ‘ळ’ म्हणतात. त्यांच्या लिपीच्या तक्त्यातही ‘ल’ ३२५० आणि ‘ळ’ ३२५१ असे लागूनच आहेत. परिणाम असा की काशीद, कासार, काळे हा योग्य क्रम असताना संगणक काळे, काशीद, कासार असा देतो. आपले कोळार कोहिमाच्या नंतर यावयास हवे, ते आधी येते. ‘क्ष’ला तर स्वतंत्र क्रमांकच नाही, तो क, हलन्त आणि ष यांचा बनलेला, म्हणून क्षीरसागर हे नाव ‘क’च्या नावांत जाऊन बसते.

समानतेचीही हीच तऱ्हा. गोऱ्हे या नावातील अर्धा ‘र’ दोन प्रकारे साठविता येतो: ‘ऱ’ या २३५३ क्रमांकाच्या एका अक्षराने, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता मिळून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, छापल्यावर सारखेच दिसतात, युनिकोडच्या नियमानेही ते समतुल्य आहेत; पण नुसते आकडे ताडणाऱ्या == ला ती दोन वेगळी माणसे आहेत. शोध घेतला तर नाव सापडत नाही. तुलनेपूर्वी दोन्ही नावे एकाच प्रमाणित रूपात आणावी लागतात, फसली तारखांसारखीच.

यासाठी प्रत्येकाने स्वतंत्र फंक्शन लिहावे असे मी म्हणणार नाही. आयसीयू नावाचे मुक्त ग्रंथालय उपलब्ध आहे आणि त्यात भाषावार क्रम दिलेले आहेत. ते वापरावे, आणि आपल्या शंभर-दोनशे नावांवर तपासून पाहावे. पण एक प्रश्न त्या ग्रंथालयातही सुटत नाही. ज्या यादीत काही नावे देवनागरीत आणि काही कन्नड लिपीत आहेत, तिचा क्रम कोणता? देवनागरीचे क्रमांक २३०४ पासून आणि कन्नडचे ३२०० पासून सुरू होतात. त्यामुळे कोणीच काही ठरविले नाही तर सगळी मराठी नावे आधी आणि सगळी कन्नड नावे नंतर, मग नाव ‘अ’ने सुरू होवो की ‘ह’ने. दोन विभागांच्या अंकाला किंवा दोन माध्यमांच्या महाविद्यालयाला असली यादी लावणे शोभत नाही, आणि ‘संगणकाने लावली’ हे त्याचे उत्तर नव्हे. उच्चारानुसार दोन्ही लिपी एकत्र गुंफाव्यात की दोन स्वतंत्र याद्या कराव्यात, ‘क्ष’ शेवटी घ्यावा की ‘क’मध्ये, हे मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी एका टेबलाशी बसून ठरवावे. ठरले की संगणक विभागाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ते लिहिता येईल. पंधरा-वीस ओळींचे काम आहे, आणि त्यात < हे चिन्ह एकदाच यावे.